जुन्या टेबलाची फट दर वर्षी उघडते: मिश्र लाकडाच्या माथ्याचं निदान आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. टेबलाच्या फळ्यांमधली फट भुसा आणि गोंद कालवून भरली, घासून एकसारखी केली, वर पॉलिश मारलं. काही महिने टेबल देखणं दिसलं. मग हवा पालटली आणि त्याच जागी चीर आली, कधी जुन्यापेक्षा रुंद. पुन्हा भरली, पुन्हा उघडली. मधल्या काळात गोंद बदलून झाला, भरायची लांबी (पुट्टी) बदलून झाली, शेवटी कुणीतरी इपॉक्सी सुचवलं. आता भरलेली जागा शाबूत आहे आणि तिच्या शेजारचं चांगलं लाकूड फाटलं आहे.

भरायच्या मालात सहसा दोष नसतो. कारण टेबलाच्या खालच्या बाजूला दडलेलं असतं आणि तिकडे कुणी वाकून पाहिलेलं नसतं. म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी टेबल रिकामं करा, जाड चादरीवर उलटं ठेवा आणि चांगल्या उजेडात खालून बघा.

लाकूड कुठे अडलंय?

बघायचं एकच: माथ्याच्या फळ्यांना आडवं जाणारं आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं काय काय आहे. खालून मारलेल्या आडपट्ट्या, पायांच्या चौकटीत थेट ठोकलेले स्क्रू, दोन फळ्या जवळ ओढायला कुणीतरी बसवलेली लोखंडी पट्टी, टोकांना चिकटवलेली आडवी कड. यातलं काहीही दोन्ही टोकांना पक्कं असेल तर फटीचा उगम तुम्हाला सापडला.

‘लाकूड शंभर वर्षं जुनं आहे, ते आता काय हलणार’ हा समज फार पक्का बसलेला आहे आणि तो खोटा आहे. लाकूड कितीही जुनं झालं तरी हवेतला दमटपणा घेत आणि सोडत राहतं. हवेची आर्द्रता ५० टक्के असताना लाकडातला ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो. ती ८० टक्के झाली की ओलावा १६ च्या आसपास चढतो आणि ३० टक्क्यांवर आली की ६ पर्यंत उतरतो. या चढउतारात फळीची लांबी जवळपास तेवढीच राहते, रुंदी मात्र बदलते. त्यातही वाढीच्या वलयांच्या वळणाच्या दिशेने होणारा बदल, खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा ढोबळमानाने दुप्पट असतो.

आता मिश्र लाकडाची, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या फळ्या जोडलेल्या माथ्याची, खरी अडचण. प्रत्येक जातीचं हलणं वेगळं असतं. ८० सेंटिमीटर रुंदीचा माथा घ्या, फळ्या सपाट कापाच्या, म्हणजे वर डोंगरांसारख्या रेषा दिसणाऱ्या. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी कमी झाला तर सागवानी माथा सुमारे ६ मिलिमीटर आक्रसतो, हलक्या पांढऱ्या पाइनचा ७, व्हाइट ओकचा जवळपास १२ आणि बीचचा १४. खाली मारलेली आडपट्टी मात्र या दिशेने लांबीत धावते, म्हणून ती तसूभरही आखडत नाही. माथा आत यायला बघतो, पट्टी त्याला दोन्ही कडांना धरून ठेवते. मग तो सगळ्यांत दुबळ्या जागी फाटतो: जुन्या सांध्यात, गाठीजवळ किंवा खिळ्यांच्या ओळीत.

भरल्याने फट वाढते कशी?

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथेच बहुतेकांची मेहनत उलटी फिरते. फट कोरड्या हवेत जास्तीत जास्त रुंद दिसते, म्हणून ती तेव्हाच भरली जाते आणि तीही गच्च. पुढे दमट दिवस आले की दोन्ही बाजूंच्या फळ्या फुगतात. त्यांच्यासाठी राखून असलेली जागा म्हणजे ती फटच होती, आणि तिथे आता दगडासारखा कडक माल बसला आहे. बाहेरच्या कडेने पसरावं तर पट्टी आणि स्क्रू सोडत नाहीत. मग फळ्यांच्या कडेच्या पेशी चिरडल्या जातात. चिरडलेली पेशी पुन्हा पहिल्यासारखी उभी राहत नाही. पुढच्या कोरड्या दिवसांत फळी आधीपेक्षा अरुंद होते आणि फट तेवढी रुंद. ती तुम्ही पुन्हा गच्च भरता. दर फेरीत टेबल थोडं थोडं लाकूड गमावत जातं.

इपॉक्सीने हे चक्र थांबत नाही, फक्त जागा बदलते. इपॉक्सीचा सांधा लाकडापेक्षा मजबूत असतो, म्हणून तडा शेजारी जातो. जुन्या टेबलाच्या दृष्टीने हे जास्त वाईट, कारण सांध्यातली फट सांधता येते, फळीच्या मधोमध गेलेला तडा लपत नाही.

कुठल्या प्रकारची फट आहे ते ओळखा

माथ्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली, सांध्याला धरून चालणारी फट जवळपास नेहमीच खालच्या पकडीमुळे असते. टोकाला रुंद आणि आत निमुळती होत संपणारी चीर निराळी. फळीच्या कापलेल्या टोकातून ओलावा बाकीच्या अंगापेक्षा कितीतरी जलद ये-जा करतो, म्हणून टोक आधी वाळतं आणि चिरतं. आणि तिसरा प्रकार असा, जिथे फट दिसायला बारीकच असते, पण बोट फिरवलं की सांध्याच्या एका बाजूला पायरी लागते. ही मिश्र लाकडाची खूण. तिच्याकडे नंतर येतो.

खात्री नसेल तर फटीच्या दोन्ही बाजूंना, टेबलाच्या खालच्या अंगाला पेन्सिलने बारीक खुणा करा आणि त्यांमधलं अंतर लिहून ठेवा. ऋतू बदलल्यावर पुन्हा मोजा. अंतर बदललं तर फट जिवंत आहे आणि तिच्यात कडक काहीही भरायचं नाही. अजिबात बदललं नाही तर ती जुनी, निवांत जखम आहे. ती कशीही भरा, चालेल. एवढी वाट बघायला लोक तयार नसतात हे मला माहीत आहे, पण दर वर्षी तेच काम करण्यापेक्षा एकदा थांबलेलं बरं.

पकड सैल करणं

कुठलीही पट्टी काढण्याआधी ती मूळची की नंतरची हे ठरवा. स्क्रू एक काढून बघा. त्याचं टोक बोथट असेल तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या घडणीचा, कारण टोकदार स्क्रू त्यानंतर सर्रास आले. चकचकीत, आडव्या-उभ्या खाचेच्या डोक्याचा स्क्रू असेल तर ती पट्टी कुणा नंतरच्या दुरुस्तीकाराची कृपा आहे आणि ती निर्धास्त काढता येते. हाताने घडवलेले, खाली वाकवून दाबलेले लोखंडी खिळे दिसले तर मात्र हात आवरा. असे खिळे स्वतः थोडे वाकतात, लाकडाला थोडी मोकळीक देतात आणि टेबलाच्या वयाचा पुरावाही असतात. त्यांना न छेडता काम होत असेल तर तसंच करा.

नंतरचे स्क्रू काढले, लोखंडी पट्टी काढली, की लगेच गोंदाकडे धावू नका. माथा पंधरवडाभर तसाच मोकळा राहू द्या. बऱ्याच फटी या काळात आपोआप अर्ध्याअधिक मिटतात. जेवढी उरते तेवढीच खरी तूट.

पट्टी परत लावायची तर भोक गोल ठेवू नका. मधला एकच स्क्रू गोल भोकात पक्का. त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूंसाठी पट्टीत लांबट भोकं, त्यांची लांबी पट्टीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे माथा ज्या दिशेने फुगतो त्या दिशेने. स्क्रूखाली वायसर, आणि आवळणं एवढंच की वायसर टेकावी, रुतू नये. ही पट्टी माथ्याला चिकटवायची नाही, ‘मजबुतीसाठी’ गोंदाचा एक थेंबसुद्धा नाही. मघाच्या हिशोबाने ८० सेंटिमीटरचा ओकचा माथा एकूण १२ मिलिमीटर फिरतो. मध्य पक्का असला की प्रत्येक कडेच्या वाट्याला ६ येतात. कडेच्या भोकात स्क्रूला दोन्ही दिशांना तेवढी जागा द्या.

पायांच्या चौकटीला माथा धरून ठेवायला लहान लाकडी गट्टे उत्तम. गट्ट्याची जीभ चौकटीच्या आतल्या खाचेत सरकते आणि गट्टा माथ्याला स्क्रूने बसतो. माथा हलला की जीभ खाचेत मागेपुढे होते. टोकाच्या आडव्या कडेलाही हाच नियम: मधोमध पक्की, दोन्ही टोकांना सैल. अशी कड दमट दिवसांत माथ्यापेक्षा थोडी आखूड आणि कोरड्या दिवसांत थोडी लांब दिसणारच. तो दोष समजून कापू नका.

उरलेली फट

माथा मोकळा झाल्यावरही राहिलेली, सांध्यातली फट लाकडी चिपेने भरावी. चीप शेजारच्या फळीच्याच जातीची, रेषा त्याच दिशेने, किंचित निमुळती. दोन्ही फळ्या वेगळ्या जातीच्या असतील तर दोघींपैकी मऊ असेल तिची चीप घ्या, म्हणजे कधी दाब आलाच तर चीप चिरडेल, टेबल नाही. फटीतला जुना गोंद, मेण आणि मळ आधी खरवडून काढा. पांढरा गोंद जुन्या गोंदावर धरत नाही. जुन्या टेबलात मूळचा सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद) असेल तर तो कोमट पाण्याने मऊ पडतो, आणि नवीन सरस जुन्या सरसावर चांगला चिकटतो. मी तरी अशा कामाला सरसच वापरतो. उद्या कुणाला सांधा उघडावा लागला तर ऊब आणि पाण्याने तो उघडेल. सागवानासारखं तेलकट लाकूड असेल तर कड नुकती तासलेली किंवा ॲसिटोनने पुसलेली असताना लगेच गोंद लावा, तासाभराने तेल पुन्हा वर येतं. चीप थोडी वर ठेवून बसवा, गोंद पूर्ण वाळू द्या, मग धारदार पटाशीने माथ्याच्या पातळीला आणा. घासणीने पातळी आणायला गेलात तर आजूबाजूची जुनी झळाळीही जाईल.

टोकाच्या निमुळत्या चिरेत चीप नको. तिथे मेण. मधमाशीचं मेण, थोडं कडक व्हावं म्हणून त्यात कार्नोबा मेण आणि रंगासाठी लाकडाच्या छटेची पूड. दमट दिवसांत चीर मिटली की जास्तीचं मेण वर येतं, ते कापडाने पुसायचं. कोरड्या दिवसांत थोडं पुन्हा भरायचं. बाकी कापलेल्या टोकांना पॉलिशचे एकदोन हात जास्त द्या, टोकाचं वाळणं मंदावतं.

सांध्यावरची पायरी

मिश्र लाकडाच्या टेबलात सगळ्यांत वैताग आणणारी गोष्ट हीच. माथा आरशासारखा सपाट केला, चार महिन्यांनी सांध्यावर बोटाला कंगोरा लागतो आणि पॉलिश नेमकं त्याच ओळीत तडकतं.

फळी रुंदीतच हलते असं नाही, जाडीतही हलते. समजा ३० मिलिमीटर जाडीची ओकची फळी उभ्या कापाची आहे, वर सरळ समांतर रेषा दिसतात. तिच्या शेजारी तेवढ्याच जाडीची पाइनची फळी सपाट कापाची. ओलावा ४ टक्क्यांनी बदलला की ओकची जाडी साधारण ०.४ मिलिमीटरने बदलते आणि पाइनची जेमतेम ०.१ ने. फरक ०.३ मिलिमीटरचा. नखाला तो सहज लागतो. दमट दिवसांत ओक वर, कोरड्या दिवसांत खाली. आज रंधा मारून तो उतरवलात तर सहा महिन्यांनी उलट्या बाजूची पायरी मिळेल.

म्हणजे हे दुरुस्त करायचंच नाही. दोन्ही फळ्यांच्या वरच्या कडा पॉलिश पेपरच्या एका हलक्या हाताने किंचित मोडा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. सांधा एक बारीक रेघ म्हणून दिसेल आणि पायरी डोळ्यात खुपणार नाही. रांगड्या घडणीच्या टेबलाला ती रेघ शोभतेही.

पॉलिशही हे हलणं सोसणारं निवडा. जाड पॉलियुरेथेनचा थर किंवा ओतीव इपॉक्सीचा काचेसारखा माथा सांध्यावर तडकतोच. तडकलेल्या चिरेतून पाणी आत शिरलं की खालून पांढरट डाग पसरतात आणि मग सगळा थर काढण्यावाचून गत्यंतर नसतं. पातळ चपड्याचं (लाखेचं) पॉलिश किंवा तेल आणि वर मेण यांत चीर दिसली तरी त्याच जागी नवा हात देऊन भागतं. चपड्याला गरम भांडं आणि सांडलेली दारू सोसत नाही, हे मात्र खरं. रोज जेवायचं टेबल असेल तर तेलच बरं. कुठलंही पॉलिश असो, माथ्याच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. एकाच बाजूला पॉलिश असलेला माथा दोन्हींकडून वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतो आणि बशीसारखा वाकतो.

आधीचं पॉलिश कशाचं आहे ते कळत नसेल तर आडजागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट होऊन विरघळलं तर चपडा. नाही विरघळलं पण लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर तेलाचं व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन समजा. जुना रंग असेल तर कोरडं घासण्याआधी त्याची शिशाची चाचणी करा. जुन्या रंगांत शिसं सर्रास असायचं आणि त्याची धूळ श्वासात जाणं लहान मुलांना फार घातक. आणि जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

रंग एकसारखा का बसत नाही?

एकच रंग सगळ्या माथ्याला लावला की पाइन डागाळते, ओकच्या छिद्रांत रंग दाटतो आणि सागवान तो जवळपास घेतच नाही. पाइनमध्ये तर रेषा उलट्या होतात: वाढीच्या वलयातला फिका, मऊ भाग रंग जास्त पितो आणि गडद दिसू लागतो. यावर उपाय सगळ्यांना एकाच रंगात बुडवणं नव्हे. आधी सगळं न रंगवता नुसतं तेल किंवा पातळ चपडा लावून बघा. बहुतेक वेळा फिकी फळी एखादीच खटकते. तेवढीच हलक्या हाताने गडद करा, तीही आधी मेणरहित चपड्याचा पातळ हात देऊन, त्यावर जेलसारख्या घट्ट रंगाने. पाइनच्या गाठींवर हा हात हवाच, नाहीतर राळ वर्षभराने वर येऊन पिवळे डाग देते. घासल्यानंतर लगेच छटा जुळवू नका. उजेडात पाइन पिवळसर गडद होते आणि अक्रोड फिका होतो. आज जुळलेली छटा पुढे जुळलेली राहीलच असं नाही.

काळे डाग हा निराळा विषय. ओकसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर लोखंड आणि पाणी एकत्र आलं की काळं पडतं. खिळ्याभोवतालचं काळं वर्तुळ यातूनच येतं, आणि घासायला लोखंडी तारेची जाळी वापरल्यावर आठवड्याने उमटणारे काळे ठिपकेसुद्धा. ऑक्झॅलिक ॲसिडने हे डाग निघतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने पुसा, आणि वाळलेली पांढरी पूड ब्रशने उडवू नका, ती नाकात गेली की त्रास देते. ओकवर लोखंडी जाळी मुळात वापरूच नये, नायलॉनची चालते. पांढरे डाग पॉलिशमधले असतात, लाकडातले नाही. त्यासाठी ॲसिड नको.

एकदीड मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून काही दिवस ठेवा. कागदावर ताजा, फिका भुसा पडला तर किडा जिवंत आहे. आधी बोरॉनचा उपचार, मग बाकीचं काम. भुसा नसेल तर भोकं जुनी, राहू द्या.

पाय डुगडुगत असतील तर सांध्यात बाहेरून गोंद ओतण्याचा काही उपयोग नाही, तो जुन्या गोंदावर बसून सुटतो. सांधा उघडून कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि खाच दोन्ही स्वच्छ करा, कुसू सैल झाला असेल तर त्याला पातळ पापुद्रा चिकटवून जाड करा, मग सरस. खिळा ठोकू नका.

हे सगळं झाल्यावर पहिल्या दमट आणि पहिल्या कोरड्या काळात एकेकदा टेबलाखाली डोकावा. लांबट भोकात स्क्रू कुठे उभा आहे ते बघा. भोकाच्या टोकाला टेकलेला असेल तर पट्टी उतरवून भोक त्या बाजूने आणखी दोन-तीन मिलिमीटर लांबवा.